सरकार आपल्याच माणसांना का मारतं? सोलापूरच्या वहीतला हिशेब

 

दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी हार पडतात, शाळांची पोरं रांगेत उभी राहतात, भाषणं होतात. भाषणात इंग्रज सरकार जुलमी होतं, क्रूर होतं, हे येतंच. खोटं काहीच नाही त्यात. पण मला बरीच वर्षं एक गोष्ट खटकते. ‘क्रूर होतं’ म्हटलं की विषय संपतो, आणि खरा प्रश्न तसाच राहतो. कारण याच सोलापुरात त्याच इंग्रज सरकारने १८७७ मध्ये माणसं मरू दिली ती हजारोंनी. नंतर काही जातींना मारलं नाही, तारेच्या कुंपणात घातलं. आणि १९३० मध्ये शहर अक्षरशः सरकारच्या हातून गेलं, पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं, तेव्हा गोळीबार, लष्करी कायदा आणि चार फाशी, इथवर येऊन ते थांबलं. सरकार एकच. मग क्रूरपणा असा कमी-जास्त का होतो?

याचं एक उत्तर अर्थशास्त्राची माणसं देतात. ऐकायला थंड वाटतं, पण मला त्यात दम वाटतो. ते म्हणतात, आधी सरकारचं उत्पन्न कुठून येतं ते बघा. ज्या माणसाच्या कामावर सरकारची तिजोरी भरते, त्याला मारणं म्हणजे स्वतःचा बैल कापणं. ज्याच्या जगण्या-मरण्याने तिजोरीला काहीच फरक पडत नाही, तो धोक्यात. आणि तिसरी गोष्ट, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची राज्यकर्त्याला खात्री नसेल, तर बैलसुद्धा कापला जातो.

मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली हे दरोडेखोरांच्या भाषेत मांडलं. फिरता दरोडेखोर सगळं लुटून नेतो, कारण उद्या तो दुसऱ्या गावात असतो. एका ठिकाणी बसलेला दरोडेखोर थोडं थोडं घेतो, आणि बाकीच्या दरोडेखोरांपासून गाव राखतोसुद्धा, कारण पुढच्या सुगीलाही त्याला घ्यायचं असतं. ओल्सनला हे सुचलं १९२० च्या दशकातल्या चिनी लष्करशहांबद्दल वाचताना. आपल्याला चीनला जायची गरज नाही. पेंढारी आणि चौथाई हे दोन शब्द आपल्याकडे आहेतच.

चौथाईचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण ते आपल्याला टोचणारं आहे. बंगालमध्ये आजही एक अंगाईगीत आहे, त्यात बर्गी येतात आणि सरकारी सारा येतो, दोन्ही एकत्र. बर्गी म्हणजे बारगीर. म्हणजे आपण. नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये शिरलं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं पश्चिम बंगालने जे भोगलं ते तिथल्या लोकांनी लिहून ठेवलंय. गावं जाळली, माणसं कापली, बायकांची विटंबना केली, विणकर आणि रेशीमवाले नदीपलीकडे पळून गेले. मुर्शिदाबादेत जगत्सेठाची पेढी लुटली. शाळेच्या पुस्तकात आपण ‘बंगालवर स्वाऱ्या’ असे दोन शब्द वाचले आणि पान उलटलं.

आता यातला पैशाचा भाग बघा. बंगालची चौथाई कोणाची हेच ठरलेलं नव्हतं. रघूजी म्हणत माझी. नानासाहेब पेशवे १७४३ मध्ये स्वतः फौज घेऊन गेले ते अलीवर्दीखानाच्या बाजूने, रघूजीला हुसकायला, आणि त्याबद्दल बावीस लाख घेतले. दोन मराठी फौजा एकाच मुलखात समोरासमोर! शेवटी शाहू महाराजांनी मध्ये पडून बंगाल रघूजीला दिला. पण अलीवर्दी चौथाई द्यायला तयार नव्हता. १७४४ मध्ये त्याने भास्कररामांना बोलणी करायला बोलावून मारलं, त्याचा सूड म्हणून पुन्हा जाळपोळ झाली. मग १७५१ मध्ये तह झाला. वर्षाला बारा लाख चौथाई आणि ओरिसाचा ताबा. त्या तहानंतर दरवर्षीच्या स्वाऱ्या थांबल्या.

माणसं तीच, घोडे तेच, धर्म आणि स्वभाव तोच. १७५० पर्यंत जो रयतेला कापत होता, त्याला १७५१ नंतर ती रयत जिवंत हवी झाली, कारण बारा लाख त्यांच्याच शेतातून यायचे होते. कोणी म्हणेल, हे आपल्याच लोकांची बदनामी आहे. मी म्हणेन, उलट ‘मराठे रानटी होते’ या बंगाली समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. मेलेल्यांना त्याचा उपयोग नाही, ते खरंच.

आता सोलापूरला येऊ.

१८७६ चा पाऊस गेला. १८७२ च्या खानेसुमारीत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. १८८१ ला मोजली तर सहा लाखांच्या खाली. नऊ वर्षांत वाढायच्या ऐवजी लाखाहून जास्त माणूस कमी. सगळे मेले नाहीत, बरेच निजामाच्या मुलखात आणि मुंबईकडे गेले. पण आपल्या जिल्ह्यातल्या किती घराण्यांची वंशावळ १८७७ च्या अलीकडेच सुरू होते ते विचारून बघा. सबंध ब्रिटिश मुलखात या दुष्काळात पंचावन्न लाखांच्या आसपास माणसं गेली असा आकडा नेहमी दिला जातो.

दुष्काळाला हिंसा म्हणायचं का? पाऊस सरकारने थांबवला नव्हता, हे बरोबर. पण १८६० मध्येच सोलापूरला आगगाडी आलेली होती. धान्य आणता येत होतं, तसंच नेताही येत होतं. त्याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला गहू जात राहिला. आणि सर रिचर्ड टेंपल हा माणूस समजून घेतला तर तुमचं मत तुम्हीच बनवाल.

१८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा टेंपल तिथे होता. त्याने ब्रह्मदेशातून जवळजवळ पाच लाख टन तांदूळ आणला, सढळ हाताने वाटला. माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. आता याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती की नाही? झालं उलटं. साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास खर्च केला म्हणून लंडनपासून कलकत्त्यापर्यंत त्याच्यावर टीकेची झोड उठली. उधळ्या म्हणून त्याचं नाव झालं. दोन-अडीच वर्षांनी दख्खनचा दुष्काळ आला, तेव्हा व्हाइसरॉय लिटनने याच टेंपलला खर्च आवरायला पाठवलं. आणि त्याने आवरला. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर. घराजवळच्या कामावर घ्यायचं नाही, लांबच्या छावणीत चालत या, म्हणजे ज्याला खरी गरज तोच येईल. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. जड काम करणाऱ्या माणसाला तेवढ्यावर ठेवता येत नाही हे त्या वेळच्या डॉक्टरांनीसुद्धा सांगितलं होतं. लोकांनी ही कामं सोडली, एक प्रकारचा संपच केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका आणि त्यांच्या माणसांनी, जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज केले.

टेंपल १८७७ मध्येच मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. बिहारमध्ये ज्याने माणसं वाचवली त्याला दोष आला, दख्खनमध्ये ज्याने पैसे वाचवले त्याला गव्हर्नरी मिळाली. टेंपल क्रूर होता का दयाळू, ह्या वादात मला रस नाही. त्याच्या हातून माणसं वाचली आणि त्याच्याच हातून मेली. मधल्या काळात बदलला तो फक्त त्याच्या वरिष्ठांचा हिशेब. तिजोरीत पैसे हवे होते. थोड्याच दिवसांत, १८७८ मध्ये, अफगाणिस्तानची लढाई सुरू झाली. दुष्काळासाठी म्हणून बसवलेल्या नव्या करांचा पैसासुद्धा तिकडे वळवला गेला असा आरोप त्या वेळीच झाला.

आणि मुख्य गोष्ट. १८७७ मध्ये सोलापूरच्या कोरडवाहू कुणब्याच्या किंवा महार-मांगांच्या मरण्याने सरकारचं किती नुकसान होत होतं? जमीन तिथेच राहणार होती. पाऊस पडला की दुसरा कोणी ती करणार, सारा येणार. ज्याच्याकडे जमीनच नाही तो तर सरकारच्या जमाखात्यात कुठेच नव्हता, फक्त खर्चाच्या बाजूला होता. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, पण वही अशीच दिसते.

इथे १९७२ आठवल्याशिवाय राहवत नाही. तोही दुष्काळ भयंकर होता. साठीच्या पुढच्या सगळ्यांना खडी, सुकडी आणि पाझर तलाव आठवत असतील. सोलापूर तेव्हाही सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत होता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. हाल झाले, जनावरं मेली, लोकांनी घरंदारं सोडली. पण १८७७ सारखी प्रेतं पडली नाहीत. कुणब्याची आणि मजुराची मजुरी या काळात काही फार महाग झाली नव्हती. त्याला मत मिळालं होतं. विधानसभेत आमदार ओरडत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, संप होत होते. अमर्त्य सेन म्हणतात की चालत्या लोकशाहीत मोठे भूकबळी पडत नाहीत. त्यांचं म्हणणं सगळीकडे लागू पडतं का हा वाद आहे, पण आपल्या जिल्ह्यापुरता दाखला समोर आहे. ज्याच्या श्रमाला किंमत नाही, त्याच्या मताला किंमत असली तरी तो वहीत येतो.

आता सेटलमेंट. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण नाव कुठून आलं हे विचारलं तर बरेच जण गप्प. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, मुंबई इलाख्यात त्याचा जोर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाढला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर जायचं. सोलापूरची वसाहत इलाख्यातल्या मोठ्यात मोठ्या वसाहतींपैकी. आणि इथेच का? कारण इथे गिरण्या होत्या. जुनी मिल १८७७ मध्ये, म्हणजे ऐन दुष्काळात सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. त्यांना हात हवे होते आणि कुंपणातले हात पळून जात नव्हते. स्टार्ट नावाचा साहेब या खात्याचा मुख्य होता, त्याला ही सुधारणा वाटायची. काही प्रमाणात असेलही, शाळा काढल्या, घरं दिली. पण माझा मुद्दा वेगळा आहे. जगात दुसरीकडे, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, अशाच भटक्या लोकांना गोऱ्यांनी मारून जमीन रिकामी केली. तिथे जमीन हवी होती, माणूस नको होता. इथे माणूसच हवा होता. म्हणून कुंपण.

पण नियम एवढा सरळ नाही. काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजालाही माणसं हवी होती, जंगलातून रबर आणायला. तरी १८८५ ते १९०८ त्याच्या राज्यात जे झालं ते माहीत आहे, बायकांना ओलीस ठेवणं, हात तोडणं, गावंच्या गावं जाळणं. कारण रबर वेलीवरचं होतं, वेल संपली की संपलं. भाव चढलेले होते. आणि गोऱ्या एजंटांना जितकं रबर तितकं कमिशन होतं. त्यांना दहा वर्षांनंतरच्या मजुराची काळजी नव्हती. एस्तेबान, मोरेल्ली आणि रोनर या तिघांनी २०१५ मध्ये जगभरच्या सामूहिक हत्यांचा अभ्यास छापला. त्यात हेच दिसतं, की जिथे देशाचं उत्पन्न तेल-खनिजासारख्या जमिनीतून निघणाऱ्या मालावर चालतं आणि माणसाच्या श्रमातून फार निघत नाही, तिथे सरकार आपल्या नागरिकांच्या कत्तलीला जास्त सहज जातं. तेल काढायला लाख माणसं लागत नाहीत. सूत काढायला लागतात.

म्हणून १९३०.

त्या वर्षी सोलापूरची वस्ती दीड लाखाच्या जवळ, आणि शहराचा श्वास गिरण्यांच्या भोंग्यावर. ५ मेला गांधीजींना अटक झाली, दुसऱ्या दिवसापासून हरताळ, गिरण्या बंद. ८ मेला लोक रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला निघाले. आता शिंदीची झाडं का? मीठ सोडून लोक झाडांवर का घसरले, असा प्रश्न लहानपणी मला पडायचा. सोलापूरला समुद्र नाही. सरकारच्या तिजोरीवर हात टाकायचा तर इथे ताडी-शिंदीच हाताशी होती. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल मोठं उत्पन्न अबकारीचं होतं. झाडाला छेद द्यायचा तर झाडामागे कर, गुत्त्याचा लिलाव, दोन्हीकडून पैसा. आणि १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी प्रांताकडे आली, शिक्षण खातंही प्रांताकडे, म्हणजे पोरांच्या शाळा दारूच्या पैशावर. शिंदीचं एक झाड पाडणं म्हणजे सरकारच्या वहीतली एक ओळ खोडणं होतं. हे जंगल सत्याग्रहालाही लागू आहे.

कलेक्टर नाईट आला, अटका झाल्या, जमाव चिडला. मल्लाप्पा धनशेट्टींनी जमाव आवरून त्या कलेक्टरचा जीव वाचवला असं सोलापुरात सांगतात. गोळीबारात शंकर शिवदारे पडले. मग मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, पोलीस मारले गेले, कोर्ट जळालं. पोलीस शहरातून बाहेर गेले आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. स्वयंसेवकांनी रहदारी सांभाळली. १२ मेला लष्करी कायदा पुकारला, तो ३० जूनपर्यंत राहिला. हातात तिरंगा दिसला तरी सजा, गांधी टोपी रस्त्यात उतरवून घ्यायची. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव यांच्यासारख्यांना तुरुंग. दंड वसुली.

पण लष्कर आल्यावर डायरसारखं काही झालं नाही. १९१९ मध्ये जालियनवाला बागेत सरकारी आकड्यानेच ३७९ माणसं मेली होती. सोलापुरात तर पोलीस मारले गेले होते, म्हणजे चिथावणी मोठी होती. तरी लष्कराने कत्तल केली नाही. का? दयेपोटी म्हणणारा कोणी भेटला नाही अजून.

मला तीन कारणं दिसतात. पहिलं, गिरण्या. जगात मंदी आलेली, कापसाचा भाव कोसळलेला, आणि शहरातला प्रत्येक दुसरा-तिसरा माणूस या ना त्या प्रकारे सुताशी बांधलेला. मारलेला मजूर परत येत नाही, आणि घाबरून गावी पळालेलाही लवकर येत नाही. मालक हिंदी होते, बहिष्काराच्या चळवळीने त्यांच्या मालाला गिऱ्हाईक वाढत होतं, पण बंद गिरणी त्यांनाही परवडत नव्हती. दुसरं, अमृतसरचा अनुभव. त्या दहा मिनिटांच्या गोळीबाराची किंमत इंग्रजांनी दहा वर्षं मोजली, विलायतेत मजूर पक्षाचं सरकार होतं, गोलमेज परिषद ठरत होती. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंधरा दिवस आधी, २३ एप्रिलला, पेशावरला चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या शिपायांनी नि:शस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला होता. शिपाई हुकूम ऐकेल की नाही हीच खात्री गेली की कत्तल महाग पडते. हे हिशेबात धरायला अर्थशास्त्रज्ञ कधी कधी विसरतात, बंदूक धरणाराही कोणाचा तरी मुलगा असतो आणि पगाराशिवाय त्याच्याही डोक्यात काही असतं.

आणि तरीही १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलंच. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. लंडनला गोलमेज परिषद चालू होती त्याच आठवड्यांत. दोन महिन्यांनी गांधी-आयर्विन करार झाला. या चार फाशींनी अबकारीत एक पैसा वाढला नाही. कोणी म्हणेल, जरब बसवायची होती, चार माणसांत लाखांना धाक. ठीक, ते थोड्या खर्चात काम. पण धनशेट्टीच का? कुर्बान हुसेनच का, ज्याचं वय जेमतेम वीस-एकवीस आणि ज्याचा गुन्हा म्हणावा तर वर्तमानपत्र आणि भाषणं? इथे वही काही सांगत नाही. किती माणसं मारायची हे तिजोरी सांगू शकते, कोणाला मारायचं हे ठरवताना राग, सूड, पोलिसांची खबर, जुनं वैर येतं. तुमच्या-माझ्या गावातलं कोणी तरी साक्ष देतं.

राहता राहिलं १९४८. हे लिहू नका असं दोघातिघांनी मला सांगितलं, म्हणून थोडक्यात पण लिहितोच.

निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी जैसे-थे करार केला तो एका वर्षाचा. म्हणजे राज्याचं आयुष्य कागदावरच वर्षभराचं. इतक्या कमी मुदतीचं राज्य कसं वागतं? त्याच वर्षात कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात आणि बीदर-गुलबर्ग्याकडे गावं लुटली, जाळली, गोरट्यासारख्या गावात कत्तल केली. बार्शी आणि सोलापूरकडे निर्वासितांचे लोंढे आले, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. पुढच्या वर्षीचा सारा आपण गोळा करू याची खात्री ज्याला नाही, त्याला रयत राखायची गरज वाटत नाही. बंगालमधल्या १७५१ च्या आधीच्या बारगिराची आणि १९४८ च्या रझाकाराची तुलना केली म्हणून मला शिव्या पडतील, पडू द्या.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत गेल्या, पाच दिवसांत हैदराबाद पडलं. हा भाग आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि कर्नाटकातल्या मुलखात मुसलमानांचं जे शिरकाण झालं ते मात्र आपण सांगत नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांची समिती पाठवली. समितीने मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला, आणि सगळ्यात जास्त झळ लागलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड यांची नावं दिली. आपल्या शेजारचा जिल्हा. मारणारे बहुतेक गावकरीच होते. फौजेची वागणूक एकंदरीत चांगली होती आणि काही ठिकाणी तिने मुसलमानांना वाचवलं, पण काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनी लुटीला उत्तेजन दिलं, भागही घेतला, असं समितीनेच लिहिलं. अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही.

रझाकारांच्या अत्याचाराचा सूड, एवढंच याचं कारण सांगितलं जातं. सूड होताच. पण ज्या गावात रझाकारांचा कधी त्रास झाला नव्हता तिथेही दुकानं, जनावरं, विहिरी, जमिनी हात बदलून गेल्या का? हे तपासता येण्यासारखं आहे. हिशेबाची वही इथे खरोखर उपलब्ध आहे. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या भागातल्या तहसील कचेऱ्यांत जुने फेरफार आहेत, मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आहे. १९४७ ला जमीन कोणाच्या नावे होती आणि खासऱ्यात कोणाच्या, विकत घेतली असेल तर काय भावाने, रिकामी पडली म्हणून वहिवाटीने आली का, हे गावागणिक काढता येईल. एखाद्या तरुण संशोधकाने चार-पाच गावं जरी घेतली तरी पुष्कळ उलगडेल. उर्दू आणि मोडी वाचणारं कोणी बरोबर लागेल. सोलापुरात अशी माणसं अजून आहेत, त्यांची गाठ घालून द्यायला मी तयार आहे.